साल, रोज आणि गुत्तं : तुटलेला हात कुणाच्या खात्यावर?

सोयाबीन काढणीच्या दिवसांत मुरुडच्या कुठल्याही हॉटेलात बसा, "बॅगला काय दर चाललाय?" हीच चर्चा. बियाण्याची एक बॅग जितक्या रानात पेरली, म्हणजे साधारण एकरभर, तेवढं काढायचं इतके पैसे. किती जण आले, किती वाजता आले, दुपारी किती वेळ लिंबाखाली बसले, हे मालक विचारत नाही. ते गुत्तं. त्याच बाया पुढच्या महिन्यात खुरपायला रोजानं आल्या की गोष्ट बदलते. आता धुऱ्यावर उभं राहून "पात सरळ धरा" म्हणायचा हक्क मालकाला आला, आणि पाऊस पडून काम अर्धवट राहिलं तरी रोज द्यावा लागतो. तिसरी तऱ्हा सालाची. पाडव्याला साल ठरतं, पुढच्या पाडव्यापर्यंत माणूस त्या घरचा. रात्री मोटार चालू करायला उठव, लग्नाच्या मांडवाला कामाला लाव, सगळं त्यात आलं.

सालानं, रोजानं, गुत्त्यानं. हे तीन शब्द आपण इतक्या सहज बोलतो की त्यांच्यामागं कायद्याचं केवढं भांडण आहे ते लक्षात येत नाही. मळणी यंत्रात एखाद्याचा हात गेला की मग येतं. तो माणूस कुणाचा? यंत्रवाल्याचा, शेतकऱ्याचा, की कुणाचाच नाही? दवाखान्याचं बिल कुणी भरायचं, हे या एका उत्तरावर ठरतं. आणि हे उत्तर शोधायला कोर्टांना दीडशे वर्षं लागलीत, तरी ते पुरतं सापडलेलं नाही.

मूळ फरक सोपा आहे. विहीर खोदायची आहे. इतके फूट खोल, इतका घेर, इतके पैसे, असं ठरलं तर तुम्ही विहीर विकत घेताय. सुरुंग कसा लावायचा, माणसं किती लावायची, खडक लागला तर काय, ही सगळी खोदणाऱ्याची डोकेदुखी. नफा त्याचा, तोटाही त्याचाच. हा कामाचा करार. पण तुम्ही पाच माणसं आणून "आज इथं खोदा, उद्या तिथं" म्हणत असाल तर तुम्ही त्यांचे हात आणि वेळ विकत घेताय. खडक लागला तर डोकेदुखी तुमची. हा नोकरीचा करार. रोमन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी या दोघांना दोन वेगळी नावं देऊन ठेवली होती. पुढं इंग्रजी कायद्यानं त्यातून एक कसोटी काढली : काम काय करायचं एवढंच मालक सांगतो, की ते कसं करायचं हेही सांगतो? कसं करायचं हे सांगत असेल तर समोरचा नोकर. नसेल तर ठेकेदार.

कागदावर झकास. अडचण अशी की आपल्या गावात हे दोन करार असे सुटे सुटे कधीच नव्हते.

त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ मध्ये आलं. त्यात बलुतेदारीचं जे चित्र आहे ते या कसोटीला लावून बघा. सुतार औत दुरुस्त करतो. कसं करायचं हे त्याला कुणबी सांगत नाही, म्हणजे ठेकेदार. पण तो "यंदा तुझं औत करत नाही" म्हणू शकत नाही, आणि पैसेही दर कामाला नाहीत, वर्षाकाठी खळ्यावर धान्य. म्हणजे चाकर? तोही नाही. जात आणि वतन यांनी बांधलेला माणूस, ज्याच्याशी कुणी कधी करारच केला नाही. महारांच्या वाट्याला तर सांगेल ते काम आणि त्यालाच हक्काचं गोंडस नाव. करार म्हणजे दोन्ही बाजूंनी 'हो' किंवा 'नाही' म्हणता येणं. ते इथं नव्हतंच.

साल हा त्यामानानं नवा प्रकार. निदान बोलणी तरी होतात. इतकी पोती ज्वारी, इतके कपडे, इतके पैसे. पण त्यात उचल आली. सालाच्या सुरुवातीला पैसे घ्यायचे आणि वर्षभर फेडायचे. खाडे झाले की कापायचे, आजारपणात आणखी घ्यायचे, आणि पाडव्याला हिशेब केला की बाकी निघालेलीच. ती बाकी पुढच्या सालात फिरवायची. साल मोडायचं तर आधी बाकी टाका. म्हणजे कागदावर नोकरी, आणि आत कर्जाची दावण.

हे फक्त आपल्याकडं नव्हतं. आपण निजामाच्या मुलखात होतो तेव्हा शेजारच्या तेलंगणात याच प्रकाराला भगेला म्हणत. तो इतका माजला होता की १९३६ साली निजाम सरकारलाच भगेला करारांवर नियम काढावा लागला. पुढं १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात देशभरातल्या अशा प्रथांची नावानिशी यादी दिली गेली. त्यात भगेला आहे, जीता आहे, हाली आहे, वेट्टी आहे. सालगडी मात्र नाही. अर्थात यादी ही वानगीदाखल आहे, नाव नाही म्हणून कुणी सुटत नाही. पण आपल्या भागात 'वेठबिगारी' म्हटलं की लोक बिहारकडं बोट दाखवतात, ते उगीच नाही.

त्या कायद्यातलं कलम १५ मात्र प्रत्येकानं माहीत करून घ्यावं असं आहे. हे कर्ज वेठबिगारीचं आहे असं मजुरानं म्हटलं, तर ते तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर आहे. उलटं नाही.

आता उचलीचा दुसरा धागा. इंग्रजांनी १८५९ मध्ये एक कायदा केला, मजुरांच्या करारभंगाचा. मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांपासून सुरू झाला आणि मग मळे, खाणी, बांधकामं जिथं जिथं होती तिथं पसरवला गेला. कारागिरानं किंवा मजुरानं आगाऊ पैसे घेतले आणि काम टाकून गेला, तर मालकानं मॅजिस्ट्रेटकडं जायचं. मॅजिस्ट्रेट म्हणणार, पैसे परत कर नाहीतर काम पुरं कर. यातलं काय, ते मालकाच्या मर्जीवर. ऐकलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद. मालकानं करार मोडला तर? त्याच्यावर दिवाणी दावा लावा, वकील द्या, तारखा खा. एकाच कराराच्या दोन बाजू, एकीला तुरुंग आणि दुसरीला तारीख.

हा कायदा १९२५ च्या कायद्यानं रद्द झाला. तेव्हापासून करार मोडणं हा दिवाणी मामला. कुणालाही "तू याची चाकरी कर" असा हुकूम दिवाणी कोर्ट देत नाही. फार तर नुकसानभरपाई. आणि स्वातंत्र्यानंतर घटनेच्या २३ व्या कलमानं वेठ आणि सक्तीच्या मजुरीवरच बंदी घातली.

हे लक्षात ठेवा, ऊसतोडीकडं येताना लागेल. त्याआधी विडीच्या दोन केसेस सांगतो, कारण दोन्ही महाराष्ट्रातल्या आहेत आणि एकमेकींच्या शेजारी ठेवल्या की कसोटीचा पाय किती लटका आहे ते दिसतं.

पहिली नागपूरची. विडी कारखान्यातल्या कामगारांनी पगारी रजेचे पैसे मागितले. मालक म्हणाला, हे माझे कामगारच नाहीत. हजारावर पैसे घेतात, हवं तेव्हा येतात, हवं तेव्हा जातात. खरंच होतं ते. पण दुपारी बारानंतर आलेल्याला तंबाखू मिळत नव्हती, हजेरी लिहिली जात होती, न सांगता आठ दिवस गैरहजर राहिलं तर काढून टाकता येत होतं, आणि वाईट वळलेल्या विड्या बाजूला काढल्या जात. सुप्रीम कोर्टानं १९६० च्या डिसेंबरात सांगितलं : विडी वळणं हे सोपं काम आहे, शेजारी बसून शिकवायची गरज नसते. एवढा ताबा पुरे. हे कामगारच.

दुसरी, वर्षाच्या आत. शंकर बाळाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, ऑक्टोबर १९६१. पुन्हा विडी कारखाना, पुन्हा रजेचा पगार, तोही अवघ्या चार दिवसांचा. पुन्हा हजारावर पैसे, पुन्हा येण्याजाण्याची मुभा. याही वेळी प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि बहुमतानं निकाल उलटा लागला. वेळेचं बंधन नाही, देखरेख नाही, म्हणून हा कामगार नाही. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी वेगळं मत नोंदवलं. आता मला सांगा, नागपूरची विडी आणि ही विडी यात धुराचा तरी फरक असेल का? बारा वाजता दार लावणारा मालक अडकला आणि दार उघडं ठेवणारा सुटला, एवढाच काय तो फरक. शहाण्या मालकांनी यातून काय धडा घेतला असेल ते सांगायला नको. काम घरी द्यायचं.

संसदेला शेवटी १९६६ मध्ये विडी कामगारांसाठी वेगळा कायदाच करावा लागला. घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा त्यात कामगार ठरली, आणि मधे ठेकेदार उभा केला तरी मुख्य मालकाची जबाबदारी राहिली. सोलापूरच्या हजारो बायकांच्या हातात आज विडी कामगार म्हणून जे कार्ड आहे ते या भांडणातून आलंय.

याच्याही आधीची एक केस आहे आणि मला ती सगळ्यात जवळची वाटते. कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणारे अगरिया. धरंगध्रा केमिकल वर्क्सचं प्रकरण, निकाल नोव्हेंबर १९५६. हंगामी काम. हंगामाच्या तोंडावर कंपनीकडून उचल. कुटुंबच्या कुटुंब रणात राहायला जाणार, कमी पडले तर मदतीला स्वतःच्या खर्चानं माणसं घेणार. तासांचं बंधन नाही. मोबदला मिठाच्या वजनावर. शेवटी उचल वजा जाता हिशेब. कंपनीचं म्हणणं, हे स्वतंत्र ठेकेदार. कोर्टानं ते मानलं नाही. हा माणूस स्वतः राबतो, हाताखाली दोन माणसं घेतली म्हणून तो ठेकेदार होत नाही. जागा कंपनीची, देखरेख कंपनीची, मीठ पसंत-नापसंत करणारी कंपनी. म्हणून कामगार.

मिठाच्या जागी ऊस घाला आणि पुन्हा वाचा.

दसरा-दिवाळीला जळकोट, अहमदपूर, कंधार, मुखेडच्या डोंगरपट्ट्यातून ट्रॅक्टर भरून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, बहुतेकदा लग्नात नाहीतर दवाखान्यात गेलेलीही. कागद कसा असतो? कारखान्याचा करार वाहनमालकाशी किंवा मुकादमाशी, तोडणी-वाहतुकीचा. मुकादमाचा व्यवहार टोळीशी, कधी स्टॅम्पवर, कधी नुसत्या शब्दावर, कधी कोऱ्या चेकवर. कारखान्याच्या हजेरीपटावर कोयत्याचं नाव नाही. कागद वाचला तर कारखान्यानं गुत्तं दिलंय, मजूर ठेवलेले नाहीत.

आणि प्रत्यक्षात? कुठल्या फडात जायचं हे कारखान्याचा चिटबॉय सांगतो. ऊस बुडख्यापासून तोडायचा, पाचट ठेवायचं नाही, वाढं कुठं छाटायचं, हे ठरलेलं. रात्री दोनला गाडी आली तर दोनला उठून भरायची. वजन कारखान्याच्या काट्यावर. पट्टा कधी पडणार ते कारखान्याच्या हातात, तोवर कोपी मोडून घरी जाता येत नाही. काय करायचं आणि कसं करायचं, दोन्ही वरूनच येतं. मुकादम मधे आहे, पण साखर मुकादमाची होत नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७८ मध्ये केरळच्या एका दोरखंड कारखान्याच्या केसमध्ये हेच सांगितलं होतं : मधला ठेकेदार हा पडदा असेल तर तो बाजूला सारून मागं खरा मालक कोण ते बघा.

मला यातलं सगळ्यात बोलकं वाटतं ते दराचं गणित. ऊसतोडीचा टनाचा दर कोण ठरवतं? मुकादम आणि टोळी नाही. साखर संघ आणि ऊसतोड मजुरांच्या संघटना बसतात, आणि वर्षानुवर्षं लवाद नेमून तो ठरतो. आधी शरद पवार आणि गोपीनाथ मुंडे, नंतर पंकजा मुंडे. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली ती अशीच, पुण्याच्या साखर संकुलात. मुकादमाचं कमिशनही तिथंच ठरतं. जी माणसं तुमची नाहीत असं तुम्ही म्हणता, त्यांच्या मजुरीची बोलणी करायला तुमचा संघ का बसतो? विहीर खोदायचं गुत्तं दिल्यावर सुरुंगवाल्याच्या माणसांना रोज किती द्यायचा याची बैठक शेतकरी घेतो का?

आता १८५९ आठवा. उचल घेऊन टोळी आली नाही, अर्ध्यातून निघून गेली, की काय होतं? पश्चिम महाराष्ट्रातले वाहनमालक पोलीस ठाण्यात फसवणुकीची फिर्याद देतात. त्यांचेही लाखो रुपये बुडालेले असतात, कित्येकांनी घर-जमीन गहाण टाकलेली असते, हे नाकारायचं कारण नाही. उचल घेऊन पळणारे सराईत मुकादमही आहेत. पण जो माणूस आजारी पडला म्हणून गेला नाही, किंवा बायकोचे दिवस भरले म्हणून मधेच परत आला, त्याच्या दारातही तीच गाडी येते. मॅजिस्ट्रेटचा कायदा जाऊन शंभर वर्षं झाली. त्याचं काम मात्र कुणीतरी करतंच आहे. उलट मजुराची मजुरी बुडाली तर त्यानं कुठं जायचं? मुकादमाकडं. तो नसेल तर घरी.

आता अपघात. १९२३ च्या भरपाई कायद्यात कलम १२ आहे. धंद्याचाच भाग असलेलं काम तुम्ही ठेकेदाराकडून करवून घेतलं आणि त्याचा मजूर जखमी झाला, तर भरपाई मूळ मालकानं द्यायची, मग हवी तर ठेकेदाराकडून वसूल करायची. म्हणजे 'नोकर की ठेकेदाराचा माणूस' या घोळात मजुराला अडकायची गरजच नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्यात एवढी शहाणी सोय. पण तिलाच एक शेपूट आहे, पोटकलम ४. मालक जिथं ते काम करतो, किंवा जी जागा त्याच्या ताब्यात आहे, तिथं किंवा तिच्या आसपास अपघात झाला तरच. फड कुणाचा? शेतकऱ्याचा. रस्ता कुणाचा? सरकारचा. उसाची मोळी घेऊन चढताना फळीवरून पडलेली बाई, ट्रॉलीखाली आलेला पोरगा, हे कारखान्याच्या आवारात नव्हते, असं म्हणायला जागा राहते. याला उत्तर आहे. नोंद घेऊन तोडीचं काम कारखानाच अंगावर घेतो, त्यामुळं फड हीच त्याची कामाची जागा. पण हे उत्तर द्यायला वकील लागतो, आणि टोळी तोवर दुसऱ्या फडात गेलेली असते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. ही तरतूद शेपटासकट तिथंही आहे.

याच महाराष्ट्रात या भांडणाला बगल देऊन पुढं गेलेला एक कायदा आहे. १९६९ चा माथाडी कायदा, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेला. आडतीवरचा हमाल आज या दुकानाची पोती उचलतो, उद्या त्या. पैसे पोत्यामागं. मालक कोण? कुणीच नाही, किंवा सगळेच. या कायद्यानं तो प्रश्न सोडवत बसण्यापेक्षा मधे मंडळ उभं केलं. काम देणाऱ्यानं मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा वगैरे. ठेकेदारामार्फत माणूस आला असेल तर मुख्य मालकच मालक. ऊसतोडीला कल्याणकारी महामंडळ आहे, गोपीनाथ मुंड्यांच्या नावाचं, आणि त्यासाठी टनामागं रक्कम घ्यायचं धोरणही आलं. पण कल्याण वेगळं आणि मालक कोण हे ठरणं वेगळं. माथाडीला मंडळात मजुरीचा हिशेब राहतो, कोयत्याला तो मुकादमाच्या वहीत शोधावा लागतो.

आता पुन्हा मळणी यंत्राकडं. मुरुडच्या शेतकऱ्यांनी हे नीट वाचावं, कारण इथं गणित उलटतं.

यंत्रानं चालणाऱ्या शेतीकामातला मजूर भरपाईच्या कायद्यात येतो. पूर्वी एक पळवाट होती, की माणूस तात्पुरता असेल आणि मालकाच्या धंद्यासाठी लावलेला नसेल तर तो कामगार नाही. ती २००० च्या दुरुस्तीनं गेली. आता मळणीचं गुत्तं घेऊन यंत्रवाला आला, त्याची चार पोरं आली, आणि एकाचा हात पट्ट्यात गेला. मळणी हा शेतीधंद्याचाच भाग. जागा तुमची, रान तुमचं, बनीम तुमची. म्हणजे जे शेपूट साखर कारखान्याला सुटायला वाट देतं, ते तुम्हाला देत नाही. पहिली जबाबदारी यंत्रवाल्याची, पण कलम १२ चा हात तीन एकरवाल्यापर्यंत पोचू शकतो.

शेतकरी अपघाताची सरकारी योजना आहे, दोन लाखांची. ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. यंत्रावरच्या पोराला सातबारा नाही.

तेव्हा गुत्तं ठरवताना बॅगेच्या दराबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा. यंत्राचा आणि त्यावरच्या माणसांचा विमा आहे का, आणि असेल तर कागद मोबाईलवर पाठव म्हणा. दर पाच-पन्नास रुपयांनी जास्त पडला तरी चालेल. टोळीत कोयता म्हणून जाणाऱ्यांनी उचलीची रक्कम, तारीख, मुकादमाचं नाव आणि कारखान्याचं नाव एका चिठ्ठीवर लिहून तिचा फोटो घरच्या माणसाला पाठवून ठेवावा, आणि काट्याच्या स्लिपांचे फोटो दर आठवड्याला. नागपूरच्या विडी कामगारांना कोर्टात उपयोगी पडली ती हजेरीची वही. कोयत्याला हजेरी नाही, स्लिप आहे.